सिक्स्तोची खुर्ची

तिनायने शेवटचं पान वाचलं आणि तोंडातला विडा थुंकायचा सोडून गिळूनच टाकला.

"हे काय लिहून ठेवलंस रे?"

"वाचता येतं ना तुला? मग तेच लिहिलंय," लिओन्सियो म्हणाला आणि रुमालात खोकला.

तुरुंगातून सुटून त्याला अकरा दिवस झाले होते. आत जाताना गडी धडधाकट होता, बाहेर आला तो दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखा. पण नाव म्हणाल तर अख्ख्या मनिलात त्याच्या तोडीचा नाटककार नव्हता. आमच्या तोंदो वस्तीतल्या कोळणी मासे साफ करताना त्याच्या नाटकातली गाणी म्हणायच्या आणि भांडताना त्याचे संवाद एकमेकींच्या तोंडावर फेकायच्या. आज रविवार. चार वाजता त्याच्या नव्या नाटकाचा पहिला खेळ होता आणि तीन तर वाजून गेले होते. बाहेर बांबूची बाकडी केव्हाच भरली होती. पत्र्याच्या छपराखाली माणसं उकडून निघत होती, तरी जागचं हलत कुणी नव्हतं.

स्पॅनिश गेले आणि अमेरिकन आले, तेव्हा लोकांना वाटलं होतं की आता तरी मोकळेपणाने बोलता येईल. कसलं काय! नवा कायदा आला. देश स्वतंत्र व्हावा असा शब्द रंगमंचावर काढायचा नाही. नाटक आधी कचेरीत द्यायचं, तिथे त्याचं भाषांतर होणार, मग शिक्का. शिक्का बसला की त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. दोनच आठवड्यांपूर्वी शेजारच्या प्रांतात एका मंडळीने दोन ओळी वाढवल्या, तर सोजीर रंगमंचावर चढले आणि सगळ्यांना घेऊन गेले, बासरीवाल्यासकट.

आणि इथे या शहाण्याने शिक्क्याच्या पानावर काट मारली होती.

नाटक साधंच होतं. एका विधवेच्या घरी दूरदेशीचा पाहुणा येतो आणि हळूहळू घर बळकावतो. शेवटच्या प्रवेशात तो तिच्या मेलेल्या मुलाच्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि प्यायला गरम चॉकलेट मागतो. विधवा पितळी किटली घेऊन येते. मंजूर प्रतीत तिचं वाक्य होतं, "बसा. हे घर आपलंच समजा." त्यावर लिओन्सियोने आडवी रेघ ओढली होती आणि वर लिहिलं होतं, "ऊठ. ही खुर्ची माझ्या मुलाची आहे."

"हे बोलणार कोण?" तिनायने विचारलं.

"विधवा."

"विधवा कोण, ते विचारतेय मी!"

त्याने मान कपडेपटाकडे वळवली. विधवेचं काम करत होती मेनांग, तिनायची एकुलती एक मुलगी. पलीकडे कपडेपटात भाताच्या टोपलीत मेनांगचं पाच महिन्यांचं बाळ झोपलं होतं, आणि ती आरशासमोर बसून केसांना राख फासून म्हातारी होत होती.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर घाबरेल. नाही घाबरली तर हो म्हणेल, आणि मग सबंध नाटकभर तेच वाक्य डोळ्यांत घेऊन फिरेल. पहिल्या रांगेतला दुभाष्या आंधळा नाहीये, आते."

आते म्हणजे थोरली बहीण. सख्खी नव्हे. तिनाय त्यांच्या घरी स्वयंपाकाला होती, लिओन्सियो चड्डीत फिरायचा तेव्हापासून. चारचौघांत ती त्याला माएस्त्रो, म्हणजे गुरुजी, म्हणायची आणि एकटा सापडला की लेओन म्हणून कान धरायची.

"म्हणजे पोरीला कळणारसुद्धा नाही आपण काय बोलतोय ते, आणि बोलून झाल्यावर तिच्या हातात बेड्या? तुझी जीभ काय भाड्याने दिलीस? स्वतः चढ की वर! कर विधवेचं सोंग!"

"मी चढलो तर पहिल्या प्रवेशातच उतरवतील. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. आणि दुसरंही एक माहीत होतं. आमच्याकडे नट संवाद पाठ करत नाहीत. दर पंधरा दिवसांनी नवं नाटक, पाठ करणार कधी? गाणी बसवायची, कुठून यायचं कुठे जायचं ते ठरवायचं, बाकी सगळं प्रॉम्प्टरवर. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध एक खड्डा असतो, त्यावर शिंपल्याच्या आकाराचं लाकडी झाकण. त्यात बसून प्रॉम्प्टर प्रत्येक ओळ आधी हळू आवाजात म्हणतो आणि नट तीच ओळ मोठ्याने म्हणतात. मेनांगला तर अक्षरओळखही नव्हती. गेली सहा वर्षं ती रंगमंचावर तेच बोलत आली होती जे तिच्या आईच्या तोंडून येईल. तिनायने म्हटलं असतं, माझ्या डोक्यावर शिंगं आहेत, तर मेनांगने हात वर करून तेही म्हटलं असतं.

म्हणजे पोरीला तुरुंगात धाडणार होती ती तिची आईच.

"मी जुनंच वाक्य सांगणार," तिनाय म्हणाली.

लिओन्सियो दाराला टेकला होता, तो खाली उंबऱ्यावर बसला. "सांग. खड्ड्यात तू बसणार आहेस. मी काही तुझं तोंड धरायला येत नाही." मग रुमालाची घडी घालत म्हणाला, "सिक्स्तोला मारलं त्या आठवड्यात तो लेफ्टनंट आपल्याकडे आला होता. आठवतं?"

विसरण्यासारखं होतं का ते? सिक्स्तो हा त्याचा थोरला भाऊ. स्पॅनिशांनी त्याला मैदानात उभा करून गोळ्या घातल्या, आणि चौथ्या दिवशी त्यांचाच एक लेफ्टनंट कागद शोधायला घरी आला. घर उलटंपालटं केलं, मग जेवणाच्या टेबलाशी सिक्स्तोच्या खुर्चीवर ऐसपैस बसला आणि चॉकलेट मागितलं. सेन्योरा उर्सुला, दोघा भावांची आई, समोर उभी होती. तिने त्याला खडसावून खुर्चीवरून उठवलं, ही गोष्ट तोंदोत पोरासोरांनाही ठाऊक होती. लिओन्सियोच्या प्रत्येक नाटकात एक आई असायची आणि ती कुणाला ना कुणाला खडसावायची. स्पॅनिशांच्या काळात तो पाहुणा म्हणजे कुठलातरी परका राजा असायचा, आता निळ्या डोळ्यांचा असायचा, पण आई तीच.

"लोक म्हणतात ती बोलली," लिओन्सियो म्हणाला. "मी कधी नाही म्हटलं नाही. पण ती काही बोलली नाही, आते. मी दाराआड होतो, सिक्स्तोचे कागद शर्टात कोंबून. कान लावून होतो. एक शब्द नाही. तिने मुकाट्याने चॉकलेट ओतलं आणि त्याला पाजलं. आणि मी बाहेर आलो नाही. आठ वर्षं मी तिच्या तोंडी ते वाक्य घालायला बघतोय. दरवेळी कुणीतरी कापतं. कधी पाद्री, कधी कचेरी, कधी माझीच भीती. एकदा बोलू दे तिला. मग मला परत घेऊन गेले तरी चालेल, तिथली पेज मला पाठ आहे."

"तुला चालेल रे! मेनांगच्या बाळाला कोण पाजणार? तू?"

 बाहेर वाद्यं लागली. त्याच्या बोलण्यातलं काहीतरी तिनायला खटकलं होतं, अगदी दातात अडकल्यासारखं, पण त्या घटकेला तिच्या डोक्यात फक्त पोर होती. तिने प्रत काखोटीला मारली, विड्याची डबी कमरेला खोचली आणि वाकून खड्ड्याकडे निघाली.

पहिला अंक झाला, दुसरा झाला. खड्ड्यातून तिनायला रंगमंच दिसत होता आणि झाकणाच्या फटीतून पाठीमागे पहिली रांगही दिसत होती. अमेरिकन कॅप्टन मध्ये बसला होता, टोपी मांडीवर, मान घामाने लाल. शेजारी दुभाष्या, आपलाच माणूस, पुढचा एक दात सोन्याचा. त्याच्या मांडीवर मंजूर प्रत होती आणि तो ओळीओळीवर बोट फिरवत होता. नट बोलला की बोट सरकायचं. एकदा पाहुण्याचं काम करणाऱ्या एस्तोंगने "सकाळ"च्या जागी "पहाट" म्हटलं, तर बोट तिथेच थांबलं आणि दुभाष्याने कॅप्टनच्या कानाशी तोंड नेलं.  कॅप्टनने हाताने उडवून लावलं. बोट पुढे सरकलं.

देवा, पहाट शब्दावर ही गत, तर पुढे काय!

दाराशी चार सोजीर उभे होते. दुसऱ्या अंकापर्यंत दोनच होते.

तिसरा अंक लागला. तिनायचा आवाज एरवी कसा, तर उपासाच्या दिवसांत सेन्योराच्या दिवाणखान्यात दोन-दोन रात्री येशूच्या यातनांचं पारायण म्हणून तयार झालेला, पट्टी न बदलणारा. सेन्योरानेच तिला वाचायला शिकवलं होतं, पारायणाला एक आवाज कमी पडतो म्हणून. आज तो आवाज फाटत होता. मेनांगने दोनदा डोळे खाली करून आईकडे पाहिलं. पोरीला वाटलं, उकाड्याने होत असेल.

शेवटचा प्रवेश. एस्तोंग आला आणि खुर्चीवर बसला. हा एस्तोंग पोटाने मोठा आणि काळजाने उंदीर, अमेरिकन पाहुण्याचं काम अमेरिकनांसमोर करायचं म्हणून दुपारपासून तीनदा परसाकडे जाऊन आलेला. त्याने तिनायच्या मागोमाग म्हटलं, "बाई, तुमचं चॉकलेट फार छान असतं म्हणे. आणा बरं."

मेनांग किटली घेऊन आली. खुर्चीसमोर उभी राहिली. आईकडे पाहिलं.

तिनायसमोर दोन्ही वाक्यं होती. एक खाडाखोडीतलं, एक त्याच्या वरचं. वरचं वाक्य उच्चारलं की दाराशी चार सोजीर, आणि टोपलीत बाळ. ठरलेलंच होतं, खालचं सांगायचं. "बसा. हे घर आपलंच समजा." तिने तोंड उघडलं.

आणि तेव्हा तिला किटली दिसली. खरी. आठ वर्षांपूर्वीची.

लेफ्टनंट गेल्यावर सेन्योराने ती स्वयंपाकघरात आणून तिच्या हातात दिली होती. तिनायने धुवायला म्हणून तिरकी केली, तर थंड चॉकलेट तिच्या मनगटावर सांडलं. काठोकाठ भरलेली होती किटली. एक थेंब ओतलेला नव्हता. पाऊण तास ती बाई किटली धरून त्या माणसासमोर उभी होती. ओतलं नाही, बोलली नाही, बस म्हटलं नाही. नुसती बघत राहिली त्याच्याकडे. बोटांना किटलीच्या कडीचे वळ उठले होते. तिनायने त्यावर लोणी लावलं होतं. सेन्योराने विषय काढला नाही, मग स्वयंपाकिणीने कशाला काढावा? पुढच्याच वर्षी सेन्योरा पटकीने गेली. आणि हा गाढव! हा दाराआड उभा राहून कानांनी ऐकत होता, आणि आठ वर्षं समजत होता की आईने त्याला पाजलं!

"बसा, हे घर आपलंच समजा." हे वाक्य सेन्योराच्या तोंडी? तिच्याच हाताखाली अक्षरं गिरवलेल्या बाईने घालायचं?

तिनायला ते म्हणवेना. वरचंही म्हणवेना. तिने तोंड मिटलं.

मेनांग वाट बघत होती. खड्ड्यातून काही येईना. पोरीने पुन्हा खाली पाहिलं. आईचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आई तिच्याकडे बघत होती, थेट. मेनांगला काही कळलं नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की आई बोलल्याशिवाय आपण बोलायचं नसतं. तेव्हा ती किटली धरून उभी राहिली आणि पाहुण्याकडे बघत राहिली.

दुभाष्याचं बोट ओळीवर थांबलं होतं.

वाद्यवाले एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी खाकरलं. मग तेही बंद झालं. आठशे माणसं त्या छपराखाली होती आणि पत्रा उन्हाने तडकल्याचा आवाज ऐकू येत होता. सेन्योराच्या घरची गोष्ट इथे कुणाला माहीत नव्हती? सगळे मेनांगच्या तोंडाकडे बघत होते आणि मेनांग बोलत नव्हती. कॅप्टन खुर्चीत पुढे झाला. दाराशी एका सोजिराने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

एस्तोंगच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला. त्याने खड्ड्याकडे पाहिलं, मेनांगकडे पाहिलं, मेनांगच्या त्या नजरेकडे पाहिलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपलीच काहीतरी चूक झाली. आपण इथून केव्हाच जायला हवं होतं, म्हणूनच सगळे थांबलेत. तो चाचरत खुर्चीवरून उठला. उभा राहिला. मग खुर्ची मागे सरकवून, चोरासारखा पाय न वाजवता, विंगेत निघून गेला.

खुर्ची रिकामी झाली.

पहिल्यांदा मागच्या बाकड्यावरच्या एका म्हातारीने पाय आपटला. मग शेजारणीने. मग बांबूची सगळी जमीन थरथरायला लागली. घोषणा नाही, आरोळी नाही, नुसते पाय. मेनांग मात्र किटली धरून तशीच उभी होती, पडदा पडेपर्यंत.

कॅप्टन उठला. दुभाष्याला त्याने जे विचारलं ते तिनायला कळलं नाही, पण दुभाष्याने मान हलवली त्यावरून उत्तर कळलं. "काहीच नाही, साहेब. ती काहीच बोलली नाही." कॅप्टनने परत विचारलं. दुभाष्याने परत तेच सांगितलं, आणि मग साहेबाचा हुकूम आपल्या भाषेत मोठ्याने ऐकवला.

"मग लिहिलेलं वाक्य गेलं कुठे? बोलवा त्या प्रॉम्प्टरला. प्रत घेऊन या म्हणावं."

प्रत!  दोन्ही वाक्यं त्या पानाच्या तळाशी होती, एकावर एक, लिओन्सियोच्या हस्ताक्षरात. पावलं खड्ड्याकडे येत होती. तिने पानाचा खालचा चतकोर टर्रकन फाडला, डबीतल्या विड्याच्या पानात चुना-सुपारीबरोबर गुंडाळला आणि गालात कोंबला.

तिला बाहेर काढून कॅप्टनसमोर उभं केलं तेव्हा ती सावकाश विडा चघळत होती. कॅप्टनने प्रत उलटसुलट केली, फाटक्या कडेवर बोट ठेवलं.

"साहेब विचारतात, हा तुकडा कुठाय?" दुभाष्या म्हणाला.

"उंदरांनी खाल्ला असेल," तिनाय म्हणाली. "आमचे उंदीर फार शिकलेले. म्हातारी झाले मी, सापडेना काय सांगायचं ते. म्हणून गप्प बसले. पोरीचा काही दोष नाही, ती मी सांगते तेवढंच बोलते. विचारा कुणालाही."

दुभाष्या तिच्या तोंडाकडे बघत होता. विड्याचा रस लाल असतो. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून उतरला होता त्यात काळी रेघ होती, शाईची. त्याने ती पाहिली. त्याने पाहिली हे तिनेही पाहिलं. तिने चघळणं थांबवलं नाही.

"उंदीर, साहेब," दुभाष्या कॅप्टनला म्हणाला. आणि तिच्याकडे न बघताच आपल्या भाषेत पुटपुटला, "तोंड पूस, आजी."

न बोलल्याबद्दल कुणाला बेड्या घालायच्या हे काही कायद्यात सापडेना. शेवटी कॅप्टनने एवढंच फर्मावलं की ही म्हातारी पुन्हा कुठल्याही नाटकाच्या खड्ड्यात बसलेली दिसता कामा नये. स्वयंपाक सांभाळून बावीस वर्षं ती त्या खड्ड्यात बसली होती. तिने मान डोलावली.

कपडेपटात मेनांग बाळाला पाजत बसली होती, केसांत अजून राख. "आई, काय झालं होतं गं तुला? मी मेले असते भीतीने!" असं ती तिसऱ्यांदा म्हणत होती, तेवढ्यात लिओन्सियो आत आला. 

"कुठाय माझं वाक्य?"

"पोटात," तिनाय म्हणाली.

"एक वाक्य! आठ वर्षांत एक वाक्य मागितलं होतं मी तुझ्याकडे. आणि तू त्यांचंही सांगितलं नाहीस आणि माझंही नाही. माझी आई आज पुन्हा मुकी उभी राहिली, सगळ्या गावादेखत!"

"हो. जशी राहिली होती तशीच राहिली." तिनायने त्याला खांद्याला धरून बाकावर बसवलं. "आता ऐक. त्या दिवशी किटली कुणी धुतली?"

"मला काय माहीत!"

"मी धुतली. भरलेली होती, लेओन."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"काठोकाठ. माझ्या हातावर सांडलं. तिने ओतलंच नाही त्याला. पाऊण तास उभी होती नुसती. तुला दाराआड काहीच ऐकू आलं नाही ना, ते हे होतं."

 लिओन्सियोने विचारलं, "आणि तो? तो उठला?"

"नाही रे राजा. तो एस्तोंग थोडाच होता! शिव्या घालून आपल्या पायांनी गेला. पण उपाशी गेला."

मेनांग हसली. मग त्याचं तोंड पाहून गप्प झाली. लिओन्सियो दोन्ही हातांत डोकं धरून रडत होता, लहान मुलासारखा, नाक वाहत. तिनायने खांद्यावरच्या रुमालाने त्याचं तोंड पुसलं, चड्डीत होता तेव्हा पुसायची तसं.

पुढच्या नाताळाला त्याचं नवं नाटक आलं. कचेरीने वाचलं, एक ओळही न कापता शिक्का मारला. खड्ड्यात आता दुसरा माणूस बसायचा, पांपांगा प्रांतातला, कामाला नवा. तालमीच्या पहिल्या दिवशी तो बिचारा हवालदिल होऊन तिनायच्या दारात आला, प्रत हातात घेऊन. आईचं पात्र तिन्ही अंकांत रंगमंचावर आहे, म्हणाला, आणि तिला एकही वाक्य नाही. पानं हरवलीत का?

तिनायने प्रत हातात घेतली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली आणि परत दिली.

"सगळी आहेत," ती म्हणाली. "तिच्या वेळी तू फक्त गप्प बस. आणि मोजत जा, घाई करू नकोस."